तुमच्या आईचा अर्ज आणि आमची लुडबुड

माझ्या सोन्यांनो,

थोरले, गेल्या रविवारी तू फोनवर तक्रार केलीस. "आजी, आई मला कॉलेजच्या अर्जाचा निबंध लिहायला अजिबात मदत करत नाही. तुझं तू लिही म्हणते. तिच्या वेळी तिला कोणी लिहून दिला होता?" मागून तुझ्या आईचा आवाज आला, "आजीला विचार, त्यांना सगळं माहितीय." तेवढ्यात धाकट्याने फोन ओढला आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

म्हणून हे आत्ता लिहितेय. तुझे अर्ज जाईपर्यंत थांबले असते तर त्याचा उपयोग झाला नसता. फोनवर सांगण्यासारखं हे नाही, कारण तुम्ही दोघं एकमेकांच्या आधी बोलता आणि मला क्रमाने सांगायची सवय आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही एका जहाज कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहाराची केली, पण यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे आणि मला हसायला मराठीच लागतं. धाकट्याला कुठे अडलं तर थोरलीने वाचून दाखवावं.

तेव्हा आपण सगळे मीरा रोडला याच घरात राहत होतो. तुमची आई माहेरची गोडदेवची. तिचे वडील रत्नागिरीहून येऊन भाईंदरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, आणि मशीन उघडून बघायची तिची खोड त्यांच्याकडून आलेली. ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुढे अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत लागली. थोरले, तुझ्या जन्मानंतर तिने ती नोकरी सोडली आणि घराजवळ म्हणून हाटकेशला एका गाळ्यात काम धरलं. तिथे स्टीलचे डबे व्हायचे. खाली प्रेस आणि पॉलिशची मशीनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. डबे दुबईला आणि आफ्रिकेत जायचे.

आपल्या सोसायटीतल्या बायका तिला लिफ्टमध्ये विचारायच्या, "इंजिनिअर होऊन डबे करतेस?"

"हो," ती म्हणायची. "झाकणंपण."

धाकट्या, तू जन्मलास तोपर्यंत तो गाळा तीच चालवत होती. मालक होते एक गुजराती शेठ. ते सकाळी यायचे, अगरबत्ती लावायचे, सगळ्यांवर एकदा ओरडायचे आणि मग तुमच्या आईला विचारून दिवस ठरवायचे.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी, तुमची आई, तुमचे बाबा. तुमचे आजोबा सोलण्यापेक्षा खात जास्त होते.

"मला बिझनेस स्कूलला अर्ज करायचाय," तुमची आई म्हणाली. "बाहेर."

"बाहेर म्हणजे पवईला?" आजोबांनी विचारलं.

"नेदरलँड्सला, बाबा."

आजोबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. तुमचे बाबा मात्र मान खाली घालून सोलत होते, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

इंजिनिअर झाली तेव्हापासूनची तिची ही इच्छा. आधी तिचे वडील निवृत्त झाले, मग लग्न ठरलं, मग तुम्ही दोघं झालात. दर वेळी तिने ते स्वतःहून बाजूला ठेवलं आणि कुणाला बोल लावला नाही. आता मात्र तिचं म्हणणं सरळ होतं. त्या शाळेत काम केलेले, अनुभव घेतलेले लोक घेतात, पण चाळिशीकडे झुकलेल्यांना सहसा घेत नाहीत. "या वर्षी नाही तर मग कधीच नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मीच मला घेणार नाही."

"आणि पोरं?" आजोबा.

"पोरं आमच्याबरोबर," तुमचे बाबा म्हणाले. "मला तिकडे नोकरी मिळेल. नाहीच मिळाली तर वर्षभर मी पोरं सांभाळीन आणि पोळ्या शिकीन."

"पोरांनी काय पाप केलंय?" आजोबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसताच ते ठरलं. मी दाणे सालांच्या परातीत टाकत होते हे मला नंतर कळलं. तिला प्रवेश मिळाला तर तुम्ही दोघं जाणार, हे मला त्या संध्याकाळीच समजलं होतं. तरी तिला तो मिळावा असंच वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही कळेल.

मी माझं काम स्वतःच नेमून घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, लाल पेनाने तिची परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, शेवटची तारीख असं सगळं लिहिलं. शेवटची तारीख संकष्टीला आली होती. आजोबा खूश झाले. "दिवस चांगलाय." तुमची आई म्हणाली, "बाबा, त्याच्या आठ दिवस आधी पाठवणार आहे मी." आजोबांचा चेहरा पडला.

परीक्षेचा अभ्यास ती गाळ्यातच करायची, जेवणाच्या सुट्टीत, पोटमाळ्यावर. खाली प्रेस धाड धाड चालू. घरी शांतता मिळावी म्हणून मी तुम्हा दोघांना घेऊन बागेत जायचे, पण परत यावं तर ती पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली. आवाज नसला की तिला झोप यायची. तेव्हापासून आम्ही तिला शांतता देणं बंद केलं.

परीक्षेचे मार्क ठीक आले. ठीक म्हणजे चांगले, पण बघणाऱ्याने ताठ बसावं असे नाहीत. तिने निकाल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नुसत्या मार्कांवर घेणार नाहीत. बाकीचं सगळं भक्कम लागेल."

हे ऐकलं आणि घर कामाला लागलं. आमची लुडबुड सुरू झाली ती इथून.

पहिले आजोबा. शिफारसपत्रं दोन हवी होती. त्यातलं एक तुमच्या आईने तिच्या अंधेरीच्या जुन्या साहेबांकडून मिळवलं. दुसरं आजोबांनी कोणाला न विचारता आणलं. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान सरकारी खात्यातून बड्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्याकडून त्यांनी जाड कागदावर टाइप केलेलं, शिक्का मारलेलं पत्र आणलं आणि जेवणाच्या टेबलाशी उभं राहून वाचलं. इंग्रजी अगदी भारदस्त. मुलगी सुसंस्कृत घराण्यातली आहे. स्वभावाने शांत, आज्ञाधारक, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी आहे. प्रकृती निरोगी आहे. गृहकृत्यांत दक्ष आहे.

तुमच्या आईला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे माझं लग्न लावताय का पुन्हा?"

"चेष्टा नकोय. कुठल्या घरातली, स्वभाव कसा, माणसाची ओळख अशीच करून देतात."

"पण शांत आणि आज्ञाधारक?" तुमच्या बाबांनी विचारलं. "काका हिला भेटलेत का कधी?"

आजोबांना राग आला, पण खरं सांगते, चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. आपल्याकडे माणसाला परक्या घरी पाठवायचं तर एकच रीत माहीत. स्थळाकडे पाठवायची माहिती. तीत सगळे गोरे, सगळे निर्व्यसनी, सगळे मनमिळाऊ. आम्ही सगळेच त्या शाळेकडे मुलाकडची मंडळी समजून बघत होतो. शाळेने स्पष्ट लिहिलं होतं की शिफारस करणारा माणूस तुमचं काम रोज बघणारा हवा. ते वाक्य वाचूनही आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

दुसरी मी. तुमच्या आईने निबंधाचा पहिला खर्डा मला वाचायला दिला. इंटरनेटवरचे नमुने वाचून लिहिलेला. नेतृत्व, दूरदृष्टी, जागतिक दृष्टिकोन. वाक्यं गुळगुळीत होती, आणि मी जुनी पत्रव्यवहारवाली, मला ती आवडली. मी दोन स्वल्पविराम टाकले, शाळेच्या आधी 'मान्यवर' लिहिलं. ती ते खोडत असताना माझ्या लक्षात आलं की त्या दोन पानांत काहीच घडत नाही.

"यात डबे कुठे आहेत?" मी विचारलं.

"डबे कोण वाचणार, आई?"

"मग तू तिथे दिवसभर करतेस काय?"

आम्ही गॅलरीत वाळलेले कपडे घड्या करत होतो. घड्या करता करता तिने मला जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर "दमलीस का?" एवढंच विचारायची आपली पद्धत.

गाळ्यातले पॉलिश करणारे सगळे उत्तर प्रदेशातले, शेजारशेजारच्या दोन-तीन गावांचे. लग्नसराई आली की एकेक जण न सांगता गावी निघून जायचा. सांगितलं तर शेठ नाही म्हणणार, म्हणून न सांगता. मग माल अडकायचा. तुमच्या आईने ठरवलं की आधीच सगळ्यांना विचारायचं, कोणाकडे कधी लग्न आहे. शेठ ओरडले, "पूछोगी तो सब छुट्टी माँगेंगे!" तिने विचारलं. सगळ्यांनी मागितली. तिने सगळ्यांना दिली. पण गावं शेजारची, त्यामुळे मुहूर्तही तेच आणि लग्नंही तीच. एका सकाळी ती गाळ्यात गेली तर पॉलिशच्या मशीनांपाशी एकही माणूस नाही. शेठ त्या मोकळ्या जागेत मधोमध उभे राहून म्हणाले, "अब बारात को ही बुला लो काम पे." दुबईचा माल उशिरा गेला.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, या वेळी दिवाळीतच. सगळ्यांना चहाला बसवलं आणि सांगितलं, ज्याच्या घरचं लग्न तो जाणार. जो नुसता वऱ्हाडी, त्याने पुढच्या लग्नाची पाळी घ्यायची. कोण घरचा आणि कोण वऱ्हाडी ते तुम्हीच आपसांत ठरवा. तासभर भांडणं झाली. "तू कसला घरचा, तुला पत्रिका तरी आली का?" असली. पण ठरलं. रजा पक्की म्हटल्यावर माणसांनी जायच्या तिकिटाबरोबर यायचंही काढलं, आणि सगळे परत आले. मशीनं बंद पडली नाहीत.

"हे लिही," मी म्हटलं.

"हे? आई, यात तर पहिल्या वर्षी मी सपशेल आपटलेय."

आतून आजोबांचा आवाज आला, "आपटलेलं लिहायचं नाही! स्थळाला कोणी वैगुण्य सांगतं का?"

गंमत अशी की शाळेने वैगुण्यच मागितलं होतं. एक अख्खा प्रश्न होता, तुम्हाला आलेल्या अपयशाबद्दल. तिथे तुमच्या आईने लिहिलं होतं की मी कामात फार गुंतते आणि स्वतःकडे दुर्लक्ष होतं. तुमच्या बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे म्हणजे मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, तसलं झालं."

ती हसली. मग आत जाऊन तिने दोन्ही पानं फाडली आणि नव्याने लिहायला बसली. आता तिला कोणी नमुना दाखवायला नको होता. ते निबंध तिने एकटीने लिहिले. मी शेवटी शब्द मोजले, आणि एके ठिकाणी वऱ्हाडी म्हणजे कोण हे डच माणसाला कळावं म्हणून अर्धी ओळ घालायला सांगितली. थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तिला कोणी लिहून दिलं नाही. तिने आम्हाला लिहू दिलं नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. दुसरं शिफारसपत्र अजून हवंच होतं, आणि तिचं काम रोज बघणारा माणूस म्हणजे शेठ. त्यांच्याकडे शिफारस मागायची म्हणजे मी सोडून जायचं बघतेय हे सांगायचं. आणि समजा प्रवेश नाही मिळाला, तर त्याच पोटमाळ्यावर, त्याच माणसासमोर रोज बसायचं. शिवाय शेठना वाईट वाटणार ते वेगळंच. ती चार दिवस सकाळी "आज सांगते" म्हणून निघायची आणि संध्याकाळी "आज ते फार ओरडत होते" म्हणून परत यायची. कॅलेंडरवरची शिफारसपत्राची तारीख पुढे सरकवत सरकवत मी थकले. शेवटी तिने सांगितलं. शेठ काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ओरडणंसुद्धा बंद.

"ओरडत नाहीयेत, आई," ती मला म्हणाली. तेव्हा तिला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. शेठ उभे, पांढरेशुभ्र कपडे, हातात मिठाईचा खोका. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. बसले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माताजी, लड़की हमारे यहाँ से जा रही है. सामनेवाले लोग कैसे हैं, कुछ पता किया?"

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका. इतक्या दिवसांनी त्यांना त्यांच्यासारखा विचार करणारा माणूस भेटला होता.

तुमच्या बाबांनी शाळेची सगळी माहिती सांगितली. शेठनी मुलीच्या बापासारखे प्रश्न विचारले. किती जुनी आहे, तिथे शिकून लोक पुढे काय करतात, जेवणाचं काय. मग म्हणाले, "ठीक है. अब ऐसा करो माताजी, आपकी अंग्रेज़ी अच्छी है. आप बढ़िया सा लिख दो, मैं साइन मार दूँगा."

आपल्याकडे शिफारसपत्रं अशीच लिहिली जातात, ज्याचं त्यानेच लिहायचं आणि साहेबाने सही करायची. जहाज कंपनीत मी अशी कितीतरी टाइप केली आहेत. पण इथे तुमची आई लगेच म्हणाली, "नहीं शेठ. आपको ही लिखना है. ऑनलाइन भरना है, मैं देख भी नहीं सकती."

"मेरी अंग्रेज़ी? माल भेजा, पेमेंट भेजो, इतनी आती है."

"उतनी बस है."

"पूछेंगे क्या?"

तिने सांगितलं. काम कसं आहे, लोकांशी कशी वागते. आणि एक प्रश्न तिच्यातल्या कमीबद्दल.

शेठनी हात जोडले. "बुराई लिखूँ? अपनी लड़की की? रिश्ते की बात में कोई ऐसा बोलता है?"

"तेच म्हणतोय मी!" आजोबा खुर्चीतून पुढे सरकले.

"शेठ," तुमची आई म्हणाली, "रोज़ तो बोलते हो. नीचे प्रेस तक सुनाई देता है."

"वो घर की बात है, बेटा. घर की बात बाहर नहीं लिखते."

"लिखो शेठ. नहीं तो वो लोग समझेंगे आपने मुझे कभी देखा ही नहीं."

शेठनी चहा संपवला. काही कबूल केलं नाही. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी तिला झापलं, "और कल जल्दी आना, केन्यावाला माल पड़ा है." ती दार लावून आत आली ती हसतच. ओरडणं परत सुरू झालं होतं.

त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. अर्ज गेला. संकष्टीच्या आठ दिवस आधी गेला. आजोबांनी उपास मात्र संकष्टीलाच केला.

घरूनच, कॉम्प्युटरवर द्यायच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तसा घरात सराव सुरू झाला. तुमचे बाबा वर शर्ट-टाय आणि खाली बर्म्युडा घालून टेबलाच्या पलीकडे बसायचे आणि तोंड वेडंवाकडं करून परदेशी इंग्रजी बोलायचे. तुम्ही दोघं टेबलाखाली. त्यामुळे तुम्हाला सगळे प्रश्न पाठ झाले. खऱ्या मुलाखतीच्या दुपारी मी तुम्हाला खाली बागेत नेलं. आजोबा सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले, भोंगा लावून येणाऱ्या भंगारवाल्याला आणि भाजीवाल्याला परतवायला. थोरले, तू बागेत शांत बसली असतीस तर ती तू कसली? तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून इंग्रजीत विचारत होतीस, तुमची सगळ्यात मोठी कमजोरी कोणती? दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गोंधळून म्हणाल्या, "गोड." आपल्या वॉचमनने प्रश्न पुन्हा विचारून घेतला, नीट विचार केला आणि म्हणाला, "नींद, बेटा." धाकट्या, तू तोवर दोन आइसक्रीमं संपवली होतीस.

वर गेलो तर तुमची आई गॅलरीत उभी होती. तीच म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुमच्या मालकाला तुमच्यातलं काय खटकतं? मी म्हटलं, मी त्यांचं ऐकत नाही. मग त्यांनी विचारलं, उदाहरण द्या. मग मी बारातीची गोष्ट सांगितली."

"हसले?"

"खूप. मग बारातीबद्दलच विचारत बसले. किती लोक असतात, घोडा असतो का. माझे तयार केलेले निम्मे प्रश्न आलेच नाहीत."

ते चांगलं की वाईट हे आम्हाला कोणालाच कळेना. त्यानंतरचे आठवडे ती नेहमीसारखी कामावर गेली, नेहमीसारखी आली. कॅलेंडरवर माझ्याकडे लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उगाच गॅसची तारीख दोनदा लिहिली.

एका दुपारी जेवून आवरत होते तेव्हा फोन वाजला. "आई," ती म्हणाली. मागे प्रेसची धाड धाड. "आई, घेतलं मला." मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी म्हटलं, "काय?" मग मागून शेठचा आवाज, "अरे बंद करो मशीन, उसको बात करने दो!" प्रेस थांबली. माझ्या माहितीत कामाच्या वेळेत ती पहिल्यांदाच थांबली. त्या शांततेत तुमची आई रडायला लागली आणि मीही. शेठ पलीकडून विचारत होते, "क्या हुआ? ना बोला क्या?" ती काही बोलेना, म्हणून पॉलिशवाल्या माणसांनीच त्यांना सांगितलं, "अरे शेठ, हो गया. खुसी में रो रही है."

संध्याकाळी शेठ पेढे घेऊन आले. आता गुप्त काही राहिलं नव्हतं, म्हणून तुमच्या बाबांनी विचारलं, "शेठ, कमी में क्या लिखा था?"

शेठनी आधी आजोबांकडे पाहिलं, जणू माफी मागतायत. मग म्हणाले, "लिख दिया जो सच था. लड़की सुनती नहीं." पेढा तोंडात टाकला. "फिर लिखा, इसीलिए मेरा धंधा चलता है."

आजोबा टाळ्या वाजवून हसले. वैगुण्य सांगूनही लग्न जमतं हे त्यांनी त्या दिवशी मान्य केलं. पुढे नातेवाइकांकडे सांगताना मात्र ते म्हणायचे की शिफारस एका मोठ्या उद्योगपतींनी केली होती. तेही खोटं नव्हतं.

मग सामान, व्हिसा, तुमचे शाळेचे दाखले, ते सगळं तुम्हाला थोडंफार आठवत असेल. निघायच्या दिवशी गाळ्यातली सगळी माणसं फाटकाशी आली होती. तुमच्या आईने आपल्या जागी एका पॅकिंगच्या बाईला तयार केलं होतं. तीही तुमच्या आईसारखीच शेठचं ऐकत नव्हती, म्हणून शेठ निर्धास्त होते. तुम्ही गेल्यावर घर फार नीटनेटकं राहायला लागलं. मला नीटनेटकं आवडतं, पण इतकं नाही.

थोरले, तुझ्या अर्जासाठी मी एवढंच सांगेन. तुला काम करताना ज्याने पाहिलंय त्याच्याकडे जा, तो घाबरवणारा असला तरी. तू जिथे आपटलीस ते लिही, आणि उठून दुसऱ्या दिवशी काय केलंस तेही. तारखा भिंतीवर लाव. आणि घरातल्या मोठ्यांना लुडबुड करू दे, म्हणजे ते खूश राहतील. पण पेन त्यांच्या हातात देऊ नकोस.

बाकी आता इथे बरंच बदललं आहे. मीरा रोडच्या खाडीकाठी, जिथे आम्ही आलो तेव्हा मिठागरं होती, तिथे उंच इमारती आहेत. शेठनी धंदा मुलाच्या हाती दिला, मुलाने तो वापीला नेला, हाटकेशचा गाळा कुण्या कुरिअरवाल्याने घेतला. आजोबांना फाटकापर्यंतही चालवत नाही. पण तुमची आई तिकडच्या ऑफिसातलं काहीही महत्त्वाचं लिहिलं की आधी मला पाठवते. मी ते दुपारी चहाबरोबर वाचते, खुणा करते आणि संध्याकाळी परत पाठवते. निम्म्या खुणा ती ऐकत नाही. हे अजून चालू आहे.